ड्रॅगन पाळायचा तर बोकडांचा हिशेब आधी

माझ्या कादंबरीचं पहिलं बाड नऊशे पानांचं होतं आणि पहिल्याच पानावर ड्रॅगन एक गाव जाळत होता. भाचा सुट्टीला आला होता. इंजिनिअरिंगला आहे, असली पुस्तकं इंग्रजीतून ढिगानं वाचलेला. त्यानं चाळीस पानं वाचली आणि विचारलं, "मामा, हा खातो काय?"

"गावं जाळतो की."

"जाळतो, पण खातो काय? आणि जाळलेल्या गावातनं उद्या त्याला कोण देणार?"

मी गप्प बसलो. बाड बांधून माळ्यावर टाकलं आणि दुसऱ्या दिवशी लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांब वही आणली, व्यापारी दिवाळीत पूजेला घेतात तसली. पुंड सरदार, बंदी घातलेली विद्या आणि ड्रॅगन असली कादंबरी कुणाला लिहायची असेल तर माझं पहिलं सांगणं हेच. गोष्टीची वही नंतर, आधी खतावणी. त्यात तीन खाती काढा: जनावर, माणसं, विद्या. प्रत्येक खात्यात रोज किती लागतं, ते कोण देतं आणि देणाऱ्याच्या घरात त्यामुळे काय कमी पडतं, एवढं लिहा. दोन महिने दुसरं काही लिहू नका.

मी सोलापूरचा, पूर्व भागातला. घरात तेलुगू, शेजारी कन्नड, शाळेत आणि बाजारात मराठी. सव्वीस वर्षं एका चादरीच्या कारखान्यात जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, कार्डं पंच केली. पुढं डिझाइन कॉम्प्युटरवर गेलं, माझं काम गेलं, आणि आता झेरॉक्सचं दुकान आहे. खराब निघालेल्या प्रतींच्या पाठकोऱ्या कागदावर लिहितो. "काय लिहूलालास बे इतकं?" असं विचारणारे मित्र दिवसातून चार येतात. त्यांना ड्रॅगन सांगितला की हसतात, बोकडांचा हिशेब सांगितला की स्टूल ओढून बसतात.

तर जनावर. लांबी मागाहून, वजन आधी ठरवा. नवा लिहिणारा हटकून दोनशे फुटांचा ड्रॅगन काढतो, मीही काढला होता. चादर दोन्ही बाजूंनी दुप्पट केली की कापड चौपट लागतं, हे आमच्याकडे शाळकरी पोराला कळतं. जनावर दुप्पट केलं तर ते जाडीलाही वाढतं, म्हणून आठपट जड होतं. पंख मात्र चादरीसारखे, चौपटच. म्हणजे जितकं मोठं कराल तितकं ते जमिनीला चिकटत जाणार. आजवर उडालेल्या सगळ्यात मोठ्या प्राण्यांत डायनोसॉरच्या काळातला क्वेट्झालकोट्लस येतो. त्याच्या पंखांचा पसारा दहा-अकरा मीटर, आणि वजनाचा अंदाज दोनशे-अडीचशे किलो. एका पंढरपुरी म्हशीच्या निम्मं म्हणा.

हत्तीएवढा ड्रॅगन हवाच असेल तर मंत्रानं उडतो असं लिहून मोकळं व्हा. माझी हरकत नाही, पण त्या मंत्राचं बिल विद्येच्या खात्यात चढवा, नाहीतर वही जुळणार नाही. दुसरी वाट मला दुकानाच्या दारात उभं राहून दिसली. मे महिना, पारा बेचाळीसवर. सकाळी नऊला घारी विजेच्या तारांवर बसून होत्या. अकराच्या पुढं पत्रे तापले, तशा त्या उठल्या आणि एकदाही पंख न हलवता गोल गोल वर गेल्या. तापलेली हवा वर चढते, घार तिच्यावर नुसती बसते. मी घरी येऊन वहीत लिहिलं: वजन एक टन, कड्यावरून उडी टाकतो, फक्त उन्हाळ्यात आणि तेही अकरा ते चार या वेळेतच उडतो.

या एका ओळीनं अर्धी कादंबरी उभी राहिली. आपल्याकडं मोहिमा निघायच्या दसऱ्याला, सीमोल्लंघन करून, आणि पावसाळ्याआधी फौजा परतायच्या. मग ज्या सरदाराकडं जनावर आहे तो होळी ते मृग या काळात बलवान. ज्याच्याकडं नाही तो दसरा ते होळी. दोघांचेही महिने ठरलेले, दोघांनाही दुसऱ्याचे ठाऊक. तह कधी होतील आणि कधी मोडतील, ते कॅलेंडरच सांगायला लागलं.

आता खाणं. एक वाघ वर्षाला साधारण पन्नास चितळं खातो. वाघ दोनशे किलोचा धरला तर माझं जनावर पाच वाघांएवढं, म्हणजे अडीचशे चितळं. चितळाच्या निम्मं आमच्या भागातलं काळं उस्मानाबादी बोकड, म्हणजे वर्षाला पाचशे बोकडं. पण सरपटणाऱ्या प्राण्यांना अंग गरम ठेवायचा खर्च नसतो, त्यांचं भागतं साधारण दहाव्या हिश्श्यात. अजगर एकदा गिळला की महिनोन्महिने पडून राहतो. मी मधला तोडगा काढला: उन्हाळ्यात जागं आणि भुकेलं, थंडीत गुहेत पडलेलं. वर्षाला दोनशे. पन्नास गावं, प्रत्येक गावामागं चार. या कराला मी बोकडपट्टी नाव दिलं.

गाव जळण्याचा पहिला अध्याय गेला. आता कादंबरी सुरू होते ती पाटलाच्या दारात बोकडं मोजताना एक कमी भरतं तिथून. कुणीतरी लपवलंय, आणि लपवणारी कोण ते सगळ्या गावाला माहीत आहे.

ड्रॅगन हा शब्द पुस्तकात एकदाही येत नाही. दारावर काढलेला शरभ, देवळाच्या खांबावरचा व्याल ही आपली जनावरं जवळची आहेत, ती जरूर जाऊन बघा, पण नाव मी तिथूनही उचललं नाही. खेड्यात रात्री सापाचं नाव घेत नाहीत, 'लांबडं' म्हणतात. जे खरंच भीतीचं असतं त्याचं नाव माणसं टाळतात. माझ्या पुस्तकात सगळे त्याला 'थोरलं' म्हणतात. फक्त राजाचे कारकून त्याचं शास्त्रोक्त नाव लिहितात, कारण त्यांनी ते कधी पाहिलेलं नाही.

आगीवर फार शाई घालवू नका. पोटात साठवलेली रसायनं ऐनवेळी मिसळून उकळत्या पाण्याइतका गरम फवारा मारणारा एक भुंगेरा खरोखर आहे. वाचकाला तेवढा आधार पुरतो.

माणसांच्या खात्यात मी सगळ्यात जास्त चुकलो होतो. माझा जुना खलनायक काळा अंगरखा घालून सज्जात उभा राहायचा आणि हसायचा. का लढतो विचारलं तर दुष्ट आहे म्हणून. असला सरदार लिहायचा मोह झाला की सोलापूरच्या भुईकोटात एक फेरी मारा. दुहेरी तट, खंदक, एका अंगाला सिद्धेश्वराचा तलाव, आत बाग. या किल्ल्यावरून दोन सुलतान कशासाठी भांडले? हुंड्यासाठी. १५२४ मध्ये इस्माईल आदिलशहाची बहीण बीबी मरियम बुऱ्हाण निजामशहाला दिली, तीही इथंच, सोलापुरात. हुंड्यात सोलापूर आणि साडेपाच परगणे द्यायचे ठरले. लग्न झालं, किल्ला काही दिला नाही. तिथून जी जुंपली ती पिढी उलटली तरी मिटेना. चाळीस वर्षांनी निजामशाहीची लेक चांदबीबी विजापूरला दिली तेव्हा हाच किल्ला उलट दिशेनं हुंड्यात गेला, आणि काल एकमेकांचे गळे धरणारे १५६५ ला तालिकोटच्या लढाईत एका बाजूला उभे राहिले.

मला यात सगळ्यात उपयोगी काय वाटलं सांगू? साडेपाच. पाच नाही, सहा नाही. तो अर्धा परगणा कुणीतरी रात्रभर घासाघीस करून मिळवलेला असणार. तुमच्या सरदाराच्या तोंडी 'मी जग जिंकेन' घालू नका. त्याला एक अर्धा परगणा द्या, जो कागदावर त्याचा आहे आणि ताब्यात नाही. मग तो काळा अंगरखा न घालताही भीती घालतो. प्रत्येक सरदाराच्या नावापुढं मी वहीत दोन ओळी लिहितो: याचं कोण लागतं, आणि याला कोण लागतं. पहिली ओळ नात्याची, दुसरी देण्याची. दोन्हींत एकच नाव आलं की समजायचं, अध्याय सापडला.

फौज हलवायची तर पाणी मोजा. घोड्याला दिवसाला तीस-चाळीस लिटर लागतं. दहा हजार घोडे म्हणजे साडेतीन लाख लिटर, दहा हजारांचे पस्तीस टँकर, रोज. आमच्या नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळे हे गणित मला कुणी शिकवावं लागलं नाही. वर घोड्यामागं दहा किलो कडबा धरला तर रोजचे शंभर टन. सोलापूर ते विजापूर शंभर किलोमीटर, फौज दिवसाला पंधरा चालली तर आठवडा. वाटेतल्या गावात पुढच्या वर्षी काय उरेल? जुन्या फौजांना धान्य पुरवायचे बंजाऱ्यांचे तांडे, हजारो बैल घेऊन. माझ्या पुस्तकात लढाईचा निकाल तलवारीनं लागत नाही, तांड्याचा नायक कुणाकडं वळतो त्यावर लागतो. भाच्याला हे नीरस वाटलं. मला नाही वाटत.

विजापूरला गेलात तर शेरझा बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ बघा. १५४९ ला अहमदनगरात ओतलेली, मग परांड्याला, आणि १६३२ ला तिथून विजापुरात. वजन पंचावन्न टनांच्या घरात. तोफेचं तोंड म्हणजे उघडलेला जबडा, आणि दातांत हत्ती धरलेला. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्या हत्तीवर बोट फिरवलं. अंगठ्याएवढी सोंड, पण चिरडत असलेल्या जीवाची तडफड तिच्यात आहे. गोलंदाज बत्ती देऊन शेजारच्या पाण्यात बुडी मारायचा, नाहीतर कान जायचे, असं तिथं सांगतात. मी उभ्या उभ्या ठरवलं की थोरल्याला सांभाळणारी सगळी माणसं बहिरी असतील आणि खुणांची भाषा बोलतील. ती भाषा सरदाराला येत नाही. जनावर नक्की कुणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न तिथून आपोआप निघाला.

विद्येचं खातं माझ्या हातचं. जादू म्हटलं की लोक निळा उजेड आणि संस्कृतासारखं काहीतरी पुटपुटणं लिहितात. तुम्हाला जे काम येतं त्यातून विद्या काढा. शिंप्यानं शिवणीतून, कंडक्टरनं तिकिटातून. मी कार्डातून काढली.

जॅकार्ड कधी पाहिलं नसेल तर सांगतो. नक्षी आधी ग्राफवर उतरवायची, आठ घरांनंतर जाड रेघ. ग्राफची एक आडवी ओळ म्हणजे पुठ्ठ्याचं एक कार्ड, म्हणजे बाण्याची, आडव्या धाग्याची, एक फेक. पंचिंग मशीनवर बसून बोटांनी कळा धरायच्या आणि पायानं दाबायचं, खट्. जिथं भोक आहे तिथं सुई आत जाते, हूक उचलला जातो, ताण्याचा उभा धागा वर येतो. भोक नाही तिथं धागा खाली राहतो. हजारेक कार्डं दोरीनं शिवून माळ करायची, ती मागावर चढली की फिरत राहते, नक्षी संपली की पुन्हा पहिलं कार्ड. त्यामुळे एक चूक ही एक चूक नसते. एकदा एका कार्डावर माझी दोन भोकं राहिली. दुपारची वेळ होती, डुलकी आली असेल. साठ चादरी विणून झाल्यावर पॅकिंगमधल्या बाईनं हाक मारली, "या मोराला डोळा कुठाय?" एकाही मोराला नव्हता. मालकानं तीन दिवसांचा पगार कापला. त्यातली एक चादर मी विकत घेतली, अजून अंगावर घेतो.

माझ्या पुस्तकातली विद्या म्हणजे 'उलटी वीण'. त्या विणीचं कापड पांघरलेला माणूस थोरल्याला दिसत नाही. किंमत अशी की दर कार्डामागं विणणारीच्या तोंडातला एक शब्द कायमचा जातो. सहाशे कार्डांची नक्षी, सहाशे शब्द. जादूला किंमत हवी हे सगळेच सांगतात, पण 'शक्ती कमी होते', 'केस पांढरे होतात' ही किंमत नव्हे, तो थकवा झाला. किंमत अशी लावा की देणाऱ्याला निवड करावी लागेल. माझी विणकरीण आधी 'समुद्र' देते, कधी पाहिलाच नाही म्हणून. मग 'गलबत', 'शिंपला'. मग नको असलेल्या नातेवाइकांची नावं, हे लिहिताना मला फार मजा आली. चारशेच्या पुढं मजा संपते.

इथं सोलापूर कामाला आलं. बाईला तीन भाषा येतात. तिच्याकडं पाणी आहे, नीरू आहे, नीळ्ळू आहे. एक दिला तरी दोन उरतात. राजधानीतल्या एकभाषी पंडिताला ही विद्या परवडत नाही, आमच्या गल्लीतल्या कुठल्याही म्हातारीला परवडते. हे सुचलं त्या दिवशी मी दुकान दुपारीच बंद केलं.

आता 'बंदी' या शब्दाकडं या. विद्या वाईट आहे म्हणून बंदी, असं लिहून भागत नाही. बंदी कोण घालतो आणि त्याचं काय बुडतं? उलटी वीण घराघरांत झाली तर थोरल्याची भीती संपेल आणि बोकडपट्टी कुणी भरणार नाही. म्हणजे बंदी महसूल खात्यानं घातली, धर्मखात्यानं नंतर कारण दिलं. बंदी अमलात कशी येते तेही बघा. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा झेंडा बाळगणं हा तुरुंगात जाण्याचा गुन्हा ठरला. कापडाच्या गावात कापडाच्या तुकड्यावर बंदी. बंदीचा अध्याय लिहिताना मी ते विसरलो नाही. माझ्या राज्यात माग जप्त होत नाहीत, कारण मग कपडे कोण विणणार? शिपाई फक्त रोज संध्याकाळी येऊन कार्डं मोजतात.

आणि मोराचा डोळा वाया गेला नाही. शेवटी सरदार त्या बाईकडून स्वतःसाठी शेला विणून घेतो. ती विणते. एका कार्डावर दोन भोकं सोडते, डाव्या खांद्याशी. फक्त असला घाव शेवटी घालायचा असेल तर हत्यार खूप आधी दाखवून ठेवावं लागतं. माझ्या पुस्तकात तिसऱ्याच अध्यायात तिच्या हातून अशी चूक होते, मार बसतो, आणि वाचक ते विसरून जातो.

नावांबद्दल थोडक्यात. रुद्रसेन, वज्रकेतू, कालभद्र ही सगळी एकाच मालिकेतली भावंडं वाटतात. करमाळ्याहून अक्कलकोटकडं या, गावांच्या पाट्यांवर भाषा बदलताना दिसते: माढा, मोहोळ, मग मैंदर्गी, करजगी. तुमच्या नकाशावर सीमा रेघेनं दाखवू नका, गावांच्या शेवटच्या अक्षरांनी दाखवा. नकाशा काढायला भाच्यानं कॉम्प्युटर दिला होता. मी ग्राफ पेपर घेतला, एक घर म्हणजे फौजेचा एक दिवस.

लिहायची वेळ माझी पहाटे पाच ते सात. रोज तीन पाठकोरे कागद, जास्त नाही. जास्त लिहिलं की माझे सरदार भाषणं करायला लागतात.

वाचून घ्यायला कुणीतरी हवं, आणि ते कौतुक करणारं नको. भाचा चुका काढतो, पण खरी परीक्षा स्वयंपाकघरात. बायको भाकरी थापताना मी वाचतो. तिला ड्रॅगनमध्ये काडीचा रस नाही. थापण्याचा आवाज चालू असला की पान साधारण आहे. आवाज थांबला की पान राहतं. एकदाच भाकरी करपली, त्या प्रसंगावर मी निळी खूण केली आहे, त्याला आता हात लावत नाही. लढाईचा मोठा अध्याय वाचला तेव्हा तिनं मध्येच उठून कुकर लावला. बावीस पानांची मी सहा केली.

गेल्या रविवारी शेवटचा अध्याय वाचून दाखवला. शेला, डावा खांदा, थोरल्याची झेप, सगळं. ती पिठाचे हात तसेच धरून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "अहो, ते सगळं झालं. पण त्या पहिल्या बाईनं बोकड लपवलं होतं, त्याचं पुढं काय झालं?"

मी वही उघडली. जनावराच्या खात्यात, पहिल्याच पानावर, एक बोकड येणे बाकी दिसत होतं.